लोकरीच्या गुंड्याची कान्झाशी करताय? या चुका टाळा

जपानी अंबाड्यात खोचायच्या काडीला कान्झाशी म्हणतात, आणि तिचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे तामा कान्झाशी, टोकाला एकच गोल मणी. त्या मण्याच्या जागी लोकरीचा इवलासा गुंडा बसवला की झाली विणकामवालीची कान्झाशी, दोन काड्यांची घेतली तर खाली सुयाच वाटतात. दिसायला पोरखेळ, म्हणून सगळ्या घाईघाईत उरकतात आणि मग मला मेसेज येतो, "ताई, गुंडा निघाला."

तर पहिली चूक, ग्लू गन. तिच्याशी माझं जुनं वैर आहे.

आम्ही टोक्योत निशिकासाईला राहतो. इथे ऑगस्टमध्ये बोन ओदोरी असतं, मधल्या उंच मचाणाभोवती गोल करून नाचायचं. एका मैत्रिणीला त्यासाठी युकातावर, म्हणजे उन्हाळी सुती किमोनोवर, ही कान्झाशी हवी होती. मी तिला म्हटलं, इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, लाव आणि उद्यापर्यंत हात लावू नकोस, तर म्हणे एवढा वेळ कुणाला आहे. लावला गरम गोंद, ठेवली गाडीच्या डॅशबोर्डवर. भर उन्हात बंद गाडीत तो डॅशबोर्ड सहज ७० अंशांच्या वर तापतो, गोंद मऊ पडला, गुंडा तिरका झाला, बाईंनी तो अंगठ्याने दाबून तसाच खोचला. संध्याकाळी टाळी वाजवून वळताना गुंडा खाली, आणि शेवटचं टोक नीट अडकवलेलं नव्हतंच, त्यामुळे तो उलगडत उलगडत मागच्या आजोबांच्या गेतामध्ये, म्हणजे लाकडी चपलेत, जाऊन अडकला. ते थांबले, त्यांच्या मागची रांग थांबली, ढोल मात्र चालूच. आजोबांनी वाकून सगळा धागा गोळा केला आणि दोन्ही हातांनी तिला परत दिला, वर स्वतःच सॉरी म्हणाले. मी बाजूला उभी राहून जीभ चावत होते.

म्हणून सांगते, दोन भागांचं इपॉक्सीच घ्या. "५ मिनिटांत सेट" असं पाकिटावर लिहिलेलं असतं ना, तिकडे बघूच नका, मी तर रात्री चिकटवून काडी तांदळाच्या ग्लासात उभी खोचते आणि सकाळपर्यंत स्वयंपाकघरात कुणाला फिरकू देत नाही. आणि धाग्याचं टोक सुईने गुंड्याच्या आरपार दोनतीनदा ओवा, नुसतं चिकटवून सोडू नका.

दुसरी चूक, आख्खा गुंडा लोकरीचाच गुंडाळणे. हा पोकळ बसतो, दाबला की चपटा होतो आणि काडीला आत धरायला काहीच मिळत नाही. आत २० मिलिमीटरचा लाकडी मणी घाला, वर मोज्यांची बारीक लोकर. आठदहा वेढे झाले की मणी जरा फिरवायचा, पुन्हा आठदहा. जाड लोकर घेतली तर गुंडा न दिसता पोंपॉम दिसतो. मण्याऐवजी थर्माकोलची गोळी घेणाऱ्यांनो, झटपट चिकटणारा गोंद, म्हणजे सुपरग्लू, तिला खातो हं. तोच गोंद लोकरीवर सांडला तर गरम होऊन चटकाही बसतो.

विणायची ॲल्युमिनियमची खरी सुई कापून काडी करू नका, सुळसुळीत केसांतून ती सरळ घसरते. लाकडी बरी, दोन काड्यांची त्याहून बरी.

टोक घासा! मागे उभ्या माणसाला डोळे असतात.

लाकडावर व्हार्निशचे थर चढवू नका, केस चिकटतात. जपानी लोक त्सुगेच्या लाकडी कंगव्यांना कॅमेलियाचं तेल लावतात, मी काडीलाही तेच चोळते.

आता जरा आगाऊपणाबद्दल. गुंडा, सुया, चिमुकलं स्वेटर, वर मांजर, शिवाय घुंगरू, असं सगळं एकाच काडीवर लादतात. गंमत एकच ठेवा ना. आणि कान्झाशीत असली मस्करी कुठे असते, असं नाक मुरडणारेही भेटतात, त्यांना क्योतोच्या माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, बघायला सांगा. डिसेंबरातल्या त्यांच्या कान्झाशीवर काबुकी या पारंपरिक नाटकातल्या नटांच्या नावांसाठी छोट्या कोऱ्या पाट्या असतात आणि आवडत्या नटाकडून त्यावर सही घेतात. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) कित्येक कान्झाशींच्या टोकाला तर चक्क कानकोरणं असायचं.

गुंड्यातून धाग्याचं शेपूट लोंबतं ठेवायचं असेल तर ३-४ सेंटिमीटर पुरे. त्याहून लांब ठेवलंत तर ते कानातल्यात अडकतं आणि काडी काढताना झुमकाही सोबत येतो.