घरातला औषधांचा डबा एकदा पालथा करा, किडनीसाठी

गुडघे दुखले की मेडिकलवाल्याकडून "ती नेहमीची द्या" म्हणून गोळी आणायची आणि महिनोन्महिने खात बसायची, माझ्या आत्याचं असंच चाललेलं. सकाळी डोळे सुजायचे तर म्हणायची रात्री झोप झाली नाही, मग पायावर मोज्याचा वळ उठायला लागला, नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहायचा, तेव्हा कुठे लघवी तपासली तर प्रोटीन चार प्लस, म्हणजे खूपच जास्त!

तर डबा पालथा करा आणि स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा, ब्रँडचं नाव नाही, आतलं औषध. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन दिसलं की ती स्ट्रिप वेगळी काढा. पॅरासिटामॉल म्हणून घेतलेल्या गोळीतसुद्धा बऱ्याचदा असिक्लोफिनॅक जोडीला असतं, ते बघाच. ह्या गोळ्यांनी किडनीला जाणारं रक्त कमी होतं, आणि काही जणांची तर गाळणीच बिघडते, मग प्रोटीन लघवीतून वाहून जातं. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं, रक्तातलं अल्ब्युमिन (हेही एक प्रोटीनच) उतरलं आणि अंगावर सूज आली की त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात.

बीपीची 'प्रिल' किंवा 'सार्टन' नावाची गोळी आणि लघवीची गोळी चालू असेल तर वरून पेनकिलर नकोच, जुलाब-उलट्या चालू असताना तर अजिबात नको. लिथियम (मानसिक आजारावरचं), पेनिसिलामाइन (संधिवातावर वगैरे देतात ते) ह्यांनीही नेफ्रोटिक सिंड्रोम होऊ शकतो, पण ही औषधं मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आता एक गोष्ट जी डब्यात नसते, आरशासमोर असते. गोरं करणारी बिनलेबलची क्रीम. त्यात पारा असतो कधीकधी, आणि तो कातडीतून आत जातो. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला अशा क्रीम लावणाऱ्यांना किडनीचा हाच त्रास झाल्याचं समोर आलं. धातूंची आयुर्वेदिक भस्मं खात असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

टेस्ट कुठली? लघवीची रुटीन आणि एसीआर (लघवीतून अल्ब्युमिन किती जातंय ते सांगणारी), सोबत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कचरा किती गाळते ते. नुसतं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून खूश होऊ नका, आत्याचं नॉर्मलच होतं! लघवीला फेस येऊन तो तसाच टिकत असेल तर लगेच तपासा.

डॉक्टरांनी गोळी बंद केल्यावर आत्याची सूज उतरायला दीडेक महिना लागला. गुडघे अजून दुखतातच, गरम पाण्याची पिशवी घेऊन बसते आणि मलाच शिव्या घालते.