‘फॉन’ कुठल्या खणात ठेवायचा?

आमच्या ग्रंथालयातली जर्मन पुस्तकांची कार्डं लावायला घेतली तेव्हा ‘व्ही’च्या खणात गटे, हुम्बोल्ट, बिस्मार्क सगळे एकत्र कोंबलेले. कुणीतरी त्यांच्या नावातल्या ‘फॉन’लाच (von) आडनाव समजलं होतं. दोन दुपारी बसून मी सगळी कार्डं हलवली.

फॉन म्हणजे अमुक ठिकाणचा. आपलं ‘-कर’ म्हणा, पण ‘-कर’ कुणीही लावतो. फॉन बहुधा सरदारकीची खूण. गटेला ती १७८२ मध्ये मिळाली, कवी शिलरला १८०२ मध्ये. नावात ‘त्सु’ (zu) असेल तर जहागीर अजून घराण्याकडे, असा त्याचा जुना अर्थ. लिख्टेनश्टाइनचं राजघराणं ‘फॉन उंड त्सु’ असं दोन्ही लावतं.

कार्ड लावताना फॉन मागे टाका: ‘गटे, योहान वोल्फगांग फॉन’. ‘फॉन डेअर’ही मागेच: ‘लायेन, उर्सुला फॉन डेअर’. मात्र ‘फोम’ (vom), ‘त्सुम’ (zum), ‘त्सुअर’ (zur) यांत उपपद, म्हणजे इंग्रजी ‘द’सारखा शब्द, मिसळलेलं असतं, म्हणून ती नावं त्याच शब्दाखाली लावायची.

लिहिताना नुसतं ‘बिस्मार्कने’ चालतं. ‘फॉन डेअर लायेन’ मात्र तोडू नका. समोरच्याला हाक मारताना फॉन गाळायचा नाही: ‘हेर फॉन वाइट्सेकर’.

१९१९ च्या राज्यघटनेने जर्मनीत सरदारकीचे हक्क गेले, किताब नावाचा भाग होऊन उरले. म्हणून ‘ओटो ग्राफ लाम्ब्सडोर्फ’ यात ‘ग्राफ’, म्हणजे काउंट, मधे येतो. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी फॉनही काढून टाकला. व्हिएन्नात जन्मलेल्या अर्थतज्ज्ञ हायेकच्या नावातला फॉन तेव्हाच गेला.

फॉन दिसला की सरदार, असंही धरू नका. उत्तर जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये साध्या शेतकरी घरांतही तो सापडतो.

आणि ‘फान’ला (van) फॉन समजू नका, कळकळीने सांगते. संगीतकार बेटहोफेनचा ‘फान’ डच वळणाचा, त्यात सरदारकी नाही. पुतण्याच्या ताब्याचा त्याचा दावा व्हिएन्नात सरदारांच्या कोर्टात चालला होता. १८१८ मध्ये तिथे पुरावा मागितला, तो त्याला देता आला नाही आणि खटला सामान्यांच्या कोर्टात गेला. एवढ्या मोठ्या माणसाला तो अपमान फार लागला. त्याचं कार्ड हातात आलं की मला हेच आठवतं. ते ‘बी’च्या खणात लावायचं: ‘बेटहोफेन, लुडविग फान’.