नोटीस येण्याआधी : जुन्या इमारतींतील भाडेकरूंनी संघटित कसे व्हावे

गिरगाव, लालबाग, परळ किंवा दादरच्या जुन्या चाळींमध्ये भाडेकरूंची पहिली सभा बहुधा फार उशिरा भरते. जिन्याच्या भिंतीवर इमारत धोकादायक असल्याची नोटीस चिकटलेली असते, कोणाच्या हातात दहा वर्षांपूर्वीची भाडेपावती असते, कोणाकडे तीही नसते, आणि चार-पाच घरांनी बिल्डरच्या माणसाला पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही केव्हाच देऊन टाकलेली असते. त्या रात्री जमलेल्या गर्दीत संताप भरपूर असतो, पण न्यायालयापुढे किंवा म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) कार्यालयात ठेवता येईल असा कागद मात्र नसतो. म्हणून जे काही करायचे ते इमारतीत सारे सुरळीत चालू असतानाच करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सुरुवात सभेने करू नये, दारोदार जाऊन करावी. दोन-तीन विश्वासाच्या व्यक्तींनी एक जाड वही घेऊन प्रत्येक खोलीची नोंद करावी: खोली क्रमांक, मोजमाप, मूळ भाडेकरूचे नाव, सध्या राहणाऱ्यांची नावे, शेवटच्या भाडेपावतीची तारीख, वीजदेयक कोणाच्या नावावर आहे, शिधापत्रिका आणि मतदारयादीतील पत्ता कोणता आहे. हे काम दोन-तीन रविवार खाते आणि कंटाळवाणे असते. मात्र यातूनच इमारतीतील दुबळ्या जागा कळतात. सर्वांत नेहमी आढळणारी त्रुटी म्हणजे वडील जाऊन पंधरा वर्षे झाली तरी पावती त्यांच्याच नावाने फाटत असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातील सदस्य भाडेकरू ठरू शकतो, आणि तसे कोणी नसेल तर वारसाचा विचार होतो. परंतु भावंडांमध्ये एकमत नसेल तर तो निर्णय न्यायालयाकडे जातो. भावाभावांतला असा वाद मालकाच्या फार उपयोगी पडतो, तेव्हा तो घरातल्या घरात, लेखी आणि आधीच मिटवलेला बरा.

दुसरी दुबळी जागा म्हणजे कुलूपबंद खोली. मुलगा डोंबिवलीला किंवा विरारला राहायला गेला, आई-वडीलही त्याच्याकडे गेले आणि चाळीतली खोली गणपतीपुरती उघडली जाऊ लागली, ही परिस्थिती प्रत्येक मजल्यावर दिसते. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर ताबा मागण्यासाठी मालकाला तेवढे कारण पुरते. मालकाच्या परवानगीवाचून ठेवलेल्या पोटभाडेकरूमुळेही हाच धोका उभा राहतो. या गोष्टी चारचौघांत बोलायला माणसे संकोचतात, म्हणून वही घेऊन फिरणाऱ्याने त्या त्या घरातच बसून, गुप्ततेची हमी देऊन समजावून सांगाव्यात. ही वही समितीखेरीज कोणाच्याही हाती लागता कामा नये, कारण तिच्यातली माहिती मालकाला मिळाली तर तीच दाव्याचा आधार होईल.

वही पूर्ण झाल्यावर समिती नेमावी. प्रत्येक मजल्याचा किमान एक प्रतिनिधी असावा, आणि समितीत स्त्रिया असाव्यात, कारण दुपारी मालकाचा मेहता (कारकून) भाडे मागायला किंवा बिल्डरचा माणूस सह्या गोळा करायला येतो तेव्हा घरी बहुधा त्याच असतात. सोसायटी नोंदणी अधिनियम, 1860 खाली सात सभासदांवर भाडेकरू संघ नोंदवता येतो. त्यामुळे बँकेत खाते उघडता येते, पत्रव्यवहाराला वजन येते आणि वर्गणीचा हिशेब चोख राहतो. नोंदणी होईपर्यंत थांबून राहण्याची गरज नाही. प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहावे, खाली उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात आणि एक ठराव पहिल्याच सभेत करून टाकावा: समितीला दाखवल्याशिवाय कोणत्याही छापील कागदावर कोणीही सही करणार नाही. संमतिपत्र देणे किंवा न देणे हा अखेर प्रत्येक कुटुंबाचा निर्णय आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. मात्र कागद वाचून देण्याची सवय या एका ठरावाने लागते.

भाडे हा विषय क्षुल्लक वाटतो, कारण रक्कम क्षुल्लक असते, पण इथेच जास्तीत जास्त घरे हातची जातात. भाडेकरू प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने ठरलेले भाडे, भरत आहे आणि कराराच्या अटी पाळत आहे तोवर, कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज, त्याला काढता येत नाही, हा 1999 च्या भाडे कायद्याचा कणा आहे. म्हणून मालक मुद्दाम भाडे घेणे थांबवतो, चार-पाच वर्षे कोणी मागायला येत नाही आणि मग एके दिवशी एकदम थकबाकीची नोटीस येते. मालकाने भाडे नाकारले तर ते दरमहा मनीऑर्डरने पाठवावे आणि परत आलेल्या मनीऑर्डरची पोच जपून ठेवावी. मालकाच्या बँक खात्याचा तपशील माहीत असेल तर तिथे भरून तसे पत्र द्यावे. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा ती मागताना संकोचू नये. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस मालकाला त्या कारणासाठी दावा लावता येत नाही, आणि दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत सर्व थकबाकी 15 टक्के साध्या व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह न्यायालयात भरून पुढेही नियमित भरत राहिल्यास घर वाचते. ही मुदत हुकली म्हणून गेलेली घरे परत मिळवणे फार कठीण असते. संघाने एका सभासदाकडे फक्त एवढेच काम द्यावे: कोणाला कोणत्या तारखेला कोणता कागद मिळाला याची नोंद ठेवणे आणि मुदतीची आठवण करून देणे.

भाडेवाढीबद्दलही एकवाक्यता हवी. कायद्याने दरवर्षी 4 टक्के वाढ मालकाला मिळू शकते, आणि दुरुस्ती-सुधारणांच्या खर्चापोटी व करवाढीपोटी वेगळी वाढही मिळते. ही न्याय्य वाढ देण्यास खळखळ करू नये. 1940 च्या पातळीवर गोठलेली भाडी अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये स्पष्ट सांगितले होते आणि 1947 चा जुना मुंबई भाडे कायदा जाऊन 1999 चा कायदा आला, त्यामागे तो निकालही होता. शंभर-दोनशे रुपयांत छप्पर गळणार नाही अशी इमारत मालकाने राखावी, ही अपेक्षा न्यायालयापुढे टिकत नाही, आणि मला ती मनातूनही पटत नाही. दुरुस्तीत वाटा उचलायला तयार असलेल्या संघाचे म्हणणे सगळीकडे अधिक गांभीर्याने ऐकले जाते.

दुरुस्ती मात्र मूलतः मालकाची जबाबदारी आहे. किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने ती केली नाही तर भाडेकरू एकत्रितपणे दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाही. म्हणजे व्यवहारात ही तरतूद जुन्या भाड्यांत फार पुरत नाही. पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट किंवा सफाई योग्य कारणाशिवाय तोडली तर लघुवाद न्यायालयात अर्ज करून ती पूर्ववत करून घेता येते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागात इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी, साधारणपणे 30 सप्टेंबर 1969 पूर्वीची असेल, तर म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही दाद मागता येते. उपनगरांत आणि पुण्याच्या वाड्यांत हे मंडळ नाही. तिथे महापालिका आणि न्यायालय एवढाच रस्ता उरतो.

आता त्या धोकादायक इमारतीच्या नोटिशीकडे वळू. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 354 खाली आलेली नोटीस हाती पडताच तिच्यामागचा संरचनात्मक तपासणी अहवाल लेखी मागावा. तो न दिल्यास माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा, ज्याचे उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. मालकाने स्वतःच्या अभियंत्याकडून इमारत पाडण्याजोगी ठरवून घेतली असा संशय असेल तर भाडेकरूंनी आपल्या खर्चाने दुसऱ्या पात्र अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण नेण्याची पद्धत आहे, आणि उच्च न्यायालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती घालून दिलेली आहे. या तपासणीसाठी वर्गणी आधीपासून साठवलेली असावी, कारण नोटिशीनंतरच्या आठवड्यात पैसे जमत नाहीत.

पण दोन्ही अहवाल इमारत खरोखर पडायला आली आहे असे म्हणत असतील तर घर सोडावेच लागेल, आणि हे सभेत स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य समितीत हवे. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. जागेचा हक्क जाईल या भीतीने माणसे जीर्ण भिंतींना चिकटून राहतात, आणि ही भीती कायद्याने निराधार आहे. इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिलेला आहे. मात्र हक्क शाबूत राहिला तरी त्याचा पुरावा ढिगाऱ्याबरोबर जाऊ शकतो. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी महापालिकेच्या अधिकाऱ्याकडून प्रत्येक खोलीचे मोजमाप आणि राहणाऱ्यांची यादी करून घ्यावी, तिची प्रमाणित प्रत मिळवावी, खोलीची तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि मालकाला पत्र पाठवून आपण हक्क राखून, केवळ सुरक्षेसाठी ताबा सोडत आहोत, असे कळवावे.

पुनर्विकासाच्या वाटाघाटीत लक्ष नेहमी चौरस फुटांवर जाते. उपकरप्राप्त इमारतींच्या योजनेत निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मिळते, त्यामुळे पाच-दहा फूट जास्तीच्या आश्वासनावर फार काळ घालवू नये. खरा प्रश्न असतो तो मधल्या काळाचा. संक्रमण शिबिरात, म्हणजे बांधकाम होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, दोन वर्षांसाठी गेलेली कुटुंबे दोन पिढ्या तिथेच राहिल्याची उदाहरणे मुंबईत कमी नाहीत. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार प्रत्येक कुटुंबाशी स्वतंत्र आणि नोंदणीकृत असल्याशिवाय खोलीची किल्ली देऊ नये. त्यात पर्यायी निवासाचे भाडे, दरवर्षीची वाढ, काम रखडल्यास बँक हमी आणि ठरलेली तारीख उलटल्यास काय, हे लिहिलेले असावे. मालक वर्षानुवर्षे हालचालच करत नसेल तर म्हाडा कायद्याच्या कलम 79-अ मध्ये आधी मालकाला आणि मग भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा-सहा महिन्यांची संधी देण्याची तरतूद आहे. मात्र या कलमाखाली काढलेल्या नोटिसांवर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले, तेव्हा त्यावर विसंबण्यापूर्वी वकिलाकडून सद्यस्थिती जाणून घ्यावी.

त्याच इमारतीत किंवा शेजारी अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे लोक भाडेकरू संघात सहसा नसतात, आणि ही जुन्या भाडेकरूंची चूक आहे, असे मला वाटते. अशा करारावर राहणाऱ्याला, म्हणजे परवानाधारकाला, कायद्यात जवळजवळ संरक्षण नाही: मुदत संपली की मालक भाडे कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, परवानाधारकाला बचावाची परवानगी मागायला समन्सपासून 30 दिवस मिळतात, आणि जागा सोडली नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्यांच्या हाती एकच भक्कम गोष्ट आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत करणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणीचा आग्रह एकट्या कुटुंबाने धरला तर मालक दुसरा ग्राहक शोधतो. संपूर्ण गल्लीने धरला तर त्याला नोंदणी करावी लागते.

कायदा बदलण्याची मागणी करताना ती कलमाच्या भाषेत करावी. ‘भाडेकरूंना न्याय द्या’ या मजकुराचे निवेदन आमदार हसतमुखाने स्वीकारतो आणि ते तिथेच राहते. ‘निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, कारण केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात हीच मर्यादा आहे’, असे लिहिले की त्याला उत्तर द्यावे लागते. संघटित मागणी कायद्यात उतरू शकते, याचा दाखला मुंबईतच आहे. म्हाडा कायद्यात 1986 मध्ये जोडलेल्या प्रकरणानुसार इमारतीतील 70 टक्के रहिवाशांनी मिळून, मासिक भाड्याच्या शंभर पट रकमेवर इमारत संपादित करण्याची मागणी करता येते. मालकांच्या संघटनेने त्याला दिलेले आव्हान पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्या पीठाने खासगी मालमत्तेविषयीच्या घटनात्मक प्रश्नावर निकाल दिला. इतक्या वर्षांत मालकांची बाजू मांडायला संघटना होती, निधी होता आणि चिकाटीही होती. भाडेकरूंनाही तेवढ्याच लांब पल्ल्याची तयारी ठेवावी लागेल.

सरकार विकास नियंत्रण नियमावलीत बदल करते तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 नुसार हरकती आणि सूचनांसाठी एक महिन्याची मुदत दिली जाते, आणि सामान्य भाडेकरूंपैकी फार थोडे लोक तिचा उपयोग करतात. अशी सूचना राजपत्रात निघाली आहे का, हे दर आठवड्याला पाहण्याचे काम संघातील एखाद्या तरुण सभासदाकडे सोपवावे. हरकत एकाच मजकुराच्या शंभर छापील प्रतींनी न पाठवता प्रत्येक कुटुंबाने आपला खोली क्रमांक, क्षेत्रफळ, किती वर्षे वास्तव्य आहे आणि प्रस्तावित बदलाने आपले नेमके काय होईल हे लिहून, स्वतःच्या सहीने द्यावी, आणि कार्यालयातून निघण्यापूर्वी दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा. सुनावणीला बोलावले तर वही सोबत नेण्याची गरज नाही. वहीवरून केलेला, कोणाचेही नाव नसलेला गोषवारा पुरतो, ज्यात किती खोल्या, किती ज्येष्ठ नागरिक, किती विधवा स्त्रियांच्या नावाने पावत्या आणि किती कुटुंबे संक्रमण शिबिरात आहेत, एवढे आकडे असावेत.