विश्वस्त मंडळावर डॉक्टर आणि सिस्टर: नेमणूक कशी करायची, काम कसं चालवायचं

मुंबईतल्या ट्रस्टच्या रुग्णालयात डॉक्टर किंवा सिस्टरना विश्वस्त मंडळावर घ्यायचं ठरलं, की आधी न्यासपत्र (ट्रस्ट डीड) उघडा. विश्वस्त किती, त्यांना नेमतं कोण, ट्रस्टचा पगार घेणाऱ्याला विश्वस्त होता येतं का, हे तिथे पाहा. वाट मोकळी असेल तर ठराव करून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल, म्हणजे विश्वस्त बदलल्याची लेखी माहिती, दाखल करा. न्यासपत्र आडवं येत असेल तर डॉक्टर आणि सिस्टरची रुग्णसुरक्षा उपसमिती नेमा आणि तिचा अहवाल दर सभेत पहिला विषय असेल, हे ठरावातच लिहून घ्या. शेवटी ठेवलेला विषय हिशेब आणि बांधकामानंतर पाच मिनिटांत गुंडाळला जातो.

सिस्टरना नुसतं ‘निमंत्रित’ म्हणून बसवू नका. मताचा अधिकार द्या. सभा सकाळची ड्यूटी संपल्यावर ठेवा, आदल्या रात्री नाइट लावू नका, सभेचे तास ड्यूटीत धरा. ज्यांच्या हाताखाली त्या काम करतात तेही समोरच बसलेले असतात. म्हणून सिस्टरच्या कामाचा गोपनीय अहवाल त्या एकाच वरिष्ठाच्या हाती ठेवू नका, नाहीतर त्या गप्पच बसतील.

डॉक्टरांची अडचण वेगळी. एमआरआय यंत्राच्या खरेदीवर त्याच विभागाच्या रेडिओलॉजिस्टने मत देऊ नये. माहिती द्यावी, मग बाहेर जावं आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

आकडे थोडेच मागा, पण नीट मागा. रुग्ण पडण्याच्या घटना गुणिले १०००, भागिले त्या महिन्याचे रुग्णदिवस. रोज १२० खाटा भरल्या तर ३० दिवसांत ३६०० रुग्णदिवस. ३ रुग्ण पडले तर १००० रुग्णदिवसांमागे दर ०.८३. मग सिस्टरना विचारा: पडले कधी, बाथरूमच्या वाटेवर का, त्या पाळीत वॉर्डात किती जणी होत्या? खरं उत्तर इथेच सापडतं. नोंदी प्रामाणिक व्हायला लागल्या की सुरुवातीला आकडा वाढतो. हे विश्वस्तांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच तिमाहीत कुणावर तरी कारवाई होते आणि नोंदवह्या पुन्हा कोऱ्या राहतात.

धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात; निर्धन रुग्ण निधीसाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम बाजूला काढावी लागते. या खाटांचा रुग्णालयाच्या कार्यालयातला तक्ता आणि वॉर्डाचं रजिस्टर शेजारी ठेवून दोन्ही जुळतात का, हे तपासायचं काम सिस्टरकडे द्या. कुठल्या खाटेवर कोण होतं, हे त्यांना ठाऊक असतं.