गाडीतला इन्व्हर्टर बदलताय? आधी या चुका टाळा

आमची ट्रॅव्हलर आम्ही मोटारहोम करून घेतलीय, मागे गादी, छोटा ओटा, १२ व्होल्टची बॅटरी आणि १००० वॅटचा इन्व्हर्टर. मे महिन्यात सोलापूरच्या ४२-४३ डिग्रीत गाडी उभी, आईने शेंगा चटणीसाठी मिक्सर लावला आणि इन्व्हर्टर टीं टीं करत बंद. मी सरळ नवीन आणून जोडला, तर परत तेच! म्हणून सांगतो, इन्व्हर्टर गेला असं धरून चालू नका, आधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा.

आणि नुसती बॅटरी मोजून कळत नाही हां. मिक्सर फिरत असताना एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, लगेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. माझ्याकडे बॅटरीवर १२.१ आणि इन्व्हर्टरवर १०.३, म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट मधली वायरच खात होती, आणि साडेदहाच्या आसपास बरेच इन्व्हर्टर लो बॅटरी समजून बंदच होतात. प्लसचा लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी, हाताला चटका देत होता. सोलून बघितलं तर हातोडीने चेपलेला, आत हिरवी पावडर, अर्ध्या तारा तुटलेल्या.

दुसरी चूक म्हणजे घरातली बारीक वायर वापरणं. १००० वॅटला १२ व्होल्टवर ८३ ॲम्पियर होतात, इन्व्हर्टरचा स्वतःचा लॉस धरला तर नव्वदच्या वर. मी ३५ स्क्वेअर एमएमची कॉपर केबल टाकली, दीड मीटरच्या आत, लग क्रिम्पिंग मशिनने दाबून घेतले. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, इन्व्हर्टरजवळ लावला तर मधली केबल घासून बॉडीला टेकली की आग लागेल आणि फ्यूज तसाच राहील, यात कुणी कंजूषी करू नका.

इन्व्हर्टर काढताना सगळा लोड बंद, आधी मायनस सोडा. प्लस-मायनस उलटं लागलं तर नवीन इन्व्हर्टर तिथंच खलास. बाहेरून लाइट घेत असाल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइट किंवा इन्व्हर्टर, यातलं एकच जोडणारा) लागतोच, कारण इन्व्हर्टरच्या आउटपुटवर बाहेरचा २३० व्होल्ट आला की इन्व्हर्टर जळतो. इन्व्हर्टर ॲसिडवाल्या बॅटरीच्या डोक्यावर किंवा बंद खणात पण बसवू नका, बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो ठिणगीने पेटतो आणि आपल्याकडचा उन्हाळा तर माहितीच आहे.

केबल बदलून जुनाच इन्व्हर्टर परत लावला. मिक्सर चालू असताना त्याच्या टर्मिनलवर आता ११.९ येतात.