एक्स्पोर्ट रखडतोय? कार्ड बदलण्याआधी हे तपासा

शिमग्याच्या पालखीचं तासाभराचं फोर-के शूटिंग एक्स्पोर्टला (एडिट करून अंतिम व्हिडिओ फाइल काढायला) लावलं आणि पट्टी हलेचना, की आधी नव्या ग्राफिक कार्डाचा विचार डोक्यात येतो. थोडं थांबा. पुष्कळदा कार्ड ठणठणीत असतं, फक्त काम त्याच्यापर्यंत पोहोचत नसतं.

एक्स्पोर्ट चालू ठेवूनच टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक कार्ड निवडा आणि एखाद्या आलेखाच्या नावावर क्लिक करून तिथे 'व्हिडिओ एन्कोड' आणा. रेषा शून्यावर आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर सगळा भार प्रोसेसरच वाहतोय. रेषा अधूनमधून हलत असेल, तर एन्कोडर (कार्डातला, व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) चालू आहे, पण फ्रेम त्याच्याकडे उशिरा येतात. नॉइज रिडक्शनसारखे इफेक्ट एन्कोडर करत नाही. ते एकेक बंद करून बघा, रेषा कुठे उसळते ते कळेल.

रेषा शून्यावरच असेल तर प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये 'हार्डवेअर एन्कोडिंग' निवडा. तिथे टू-पास बिटरेट (व्हिडिओ दोनदा तपासून फाइल बनवणं) चालत नाही, वन-पास ठेवा. मग कॉम्प्युटरमधले सुटे भाग तपासा. जीटी १०३० या कार्डात एन्कोडरच नाही. इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर क्विक सिंक, म्हणजे इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधला एन्कोडर, मिळणार नाही. 'एफ' नसूनही ते दिसत नसेल, तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर, म्हणजे आतलं ग्राफिक्सही चालू ठेवणारा पर्याय, चालू करा. वेगळं कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करतात.

आता हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मिनिटाची क्लिप घ्या आणि एन्कोडरच्या यादीत एनव्हेंक (एनव्हिडियाच्या कार्डांतला एन्कोडर) किंवा क्विक सिंक आहे का बघा. तिथे क्लिप नीट निघाली तर दोष एडिटिंगच्या सेटिंगमध्ये आहे. यादीत नावच नसेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका.

एक्स्पोर्ट मधेच तुटत असेल, तर तो कुठे तुटतो ते दोनतीनदा लिहून ठेवा. यातून बराच उलगडा होतो. दरवेळी त्याच जागी तुटला, तर तिथली क्लिप किंवा इफेक्ट खराब आहे. मोबाइलच्या क्लिपचा फ्रेम रेट बदलता असतो, ती आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये रूपांतरित करा. पेनड्राइव्हवर निघणारी फाइल ४ जीबीला पोचताच थांबत असेल, तर तो पेनड्राइव्ह फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्याआधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

दरवेळी वेगळ्या जागी तुटत असेल, तर संशय उष्णता, वीज किंवा रॅमवर घ्यावा. बायोसमधलं एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करून एकदा चालवा. कार्डाला ८ पिनच्या दोन जोडण्या असतील, तर पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा. एका जोडणीवर १५० वॅटची मर्यादा असते.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट बघायलाच हवी. मालवण-दापोलीकडच्या खाऱ्या दमट हवेत हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) धूळ चिकट होऊन बसते, फुंकरीने उडत नाही. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कार्डाच्या केबल आणि स्क्रू काढा, स्लॉटची चाप सोडवून कार्ड सरळ वर ओढा. कार्डाच्या खालच्या, स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्याही उजेडात धरून बघा. पिवळ्या रंगावर मळकट डाग दिसला, तर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं मऊ कापड एकाच दिशेने फिरवा. पॉलिशपेपर अजिबात नको, सोन्याचा थर फार पातळ असतो. दहा मिनिटं वाळू द्या, कार्ड 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवा आणि तीच क्लिप पुन्हा एक्स्पोर्टला लावा.