स्वरलिपी बघून थेट गायला कसं शिकावं

नवी स्वरलिपी समोर आली की बहुतेकांचा हात आधी पेटीकडे जातो. स्वर दाबायचा, ऐकायचा आणि त्यावर गळा टेकवायचा. चाल बसते, पण ते वाचन नव्हे, पेटीची नक्कल. कागदावरचा स्वर वाद्याच्या आधी मनात वाजला पाहिजे. हे जमायला वेळ लागतो, पण रोज पंधरा मिनिटं देणाऱ्या कुणालाही जमतं.

पहिलं काम म्हणजे सा पक्का करणं. मोबाइलवरचा तानपुरा चालेल. आपल्या गळ्याला सोयीची पट्टी लावा आणि आवाज न हलवता आठ-दहा सेकंद सा धरा. तुमचा सा जरा सरकलेला असेल तर दोन आवाज मिळून एक लाट ऐकू येते. तानपुऱ्याचा सा २२० हर्ट्झ आणि तुमचा २२३ असेल, तर ही लाट सेकंदाला ३ वेळा येते. जसजसे जवळ जाल तसतशी ती मंदावते आणि स्वर जुळला की नाहीशी होते. ही लाट एकदा कानाने पकडली की बेसूरपणा दाखवायला दुसरं माणूस लागत नाही.

आता बाकीचे स्वर, पण सारेगम अशा ओळीने नकोत. ओळीने म्हणताना जीभ सवयीने पुढे पळते, कान झोपलेला राहतो. आधी सा-प, मग सा आणि तार सा (वरच्या सप्तकातला सा), मग सा-ग. यांचं साशी चटकन जमतं, म्हणून हे तीन खांब समजा. म आणि नि त्यानंतर घ्या, कारण त्यांना स्वतःची ओढ असते: म वर थांबलं की ग वर उतरावंसं वाटतं, नि वर थांबलं की वरच्या साकडे जावंसं. अनोळखी सुरावटीत हे दोन स्वर ओळखायची खूण हीच. रे आणि ध शेवटी.

सगळ्यात जास्त वेळ मात्र उड्यांना द्या. ग वरून एकदम ध वर जायचंय? मधले म आणि प मनातल्या मनात म्हणा आणि ध तेवढा मोठ्याने. आठवडाभराने मधले स्वर आपोआप गळून पडतात. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: उडी कुठूनही असो, पोचायच्या स्वराचं नातं आधीच्या स्वराशी न मोजता साशी मोजायचं. आधीच्या स्वरावरून मोजत गेलं की एक चूक पुढच्या सगळ्या स्वरांना लागते.

ही ओळ घ्या, दर भागात चार मात्रा (लयीचे ठोके), आडवी रेघ म्हणजे स्वर लांबवणं, नि खालचं टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक:

सा ग प – । ध प म ग । रे प नि़ रे । सा – – –

आधी स्वर विसरा. टाळी देत नुसती अक्षरं बोला. निम्म्या चुका लयीच्या असतात आणि खापर सुरांवर फुटतं. मग ओठ मिटून एकदा मनात गा. पहिले दोन भाग सरळ आहेत, अडकाल ते प वरून मंद्र नि वर येताना. तिथे प गाऊन क्षणभर मनात सा आणा आणि त्याच्या लगेच खालची पायरी गाठा. आता तानपुरा बंद करून पूर्ण ओळ मोठ्याने गा, शेवटचा सा धरून ठेवा आणि तानपुरा पुन्हा लावा. माझा सा सुरुवातीला दरवेळी खाली उतरलेला सापडायचा आणि गाताना त्याचा पत्ताही नसायचा. हे रेकॉर्ड करून ऐका, थोडी लाज वाटली तरी.

पाच रेषांच्या पाश्चात्त्य लिपीलाही हाच कान लागतो. सा रेषेवर असेल तर ग आणि प त्यावरच्या लागोपाठच्या दोन रेषांवर येतात, सा दोन रेषांमधल्या जागेत असेल तर पुढच्या दोन जागांत. सा कुठे आहे हे ओळीच्या सुरुवातीच्या शार्प (♯, स्वर अर्धा चढवणारी) किंवा फ्लॅट (♭, अर्धा उतरवणारी) खुणांवरून कळतं. मेजर स्केलमध्ये (म्हणजे आपल्या सगळ्या शुद्ध स्वरांच्या सप्तकात) शेवटचा शार्प म्हणजे नि, तेव्हा सा त्याच्या लगेच वर. फ्लॅट असतील तर शेवटचा फ्लॅट म्हणजे म, तिथून सा पर्यंत खाली मोजायचं. स्वरांना अक्षरं देऊन गाण्याची पद्धत तिकडेही जुनीच. ११व्या शतकात इटलीतल्या गिडो नावाच्या साधूने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची आद्याक्षरं घेऊन उत्, रे, मी, फा, सोल, ला शिकवले होते.

एक अडचण सगळ्यांना येते. तीच ओळ चार वेळा गायली की ती पाठ होते आणि डोळे कागदावर असूनही आपण वाचत नसतो. रोज नवी ओळ शोधणं कंटाळवाणं. त्यापेक्षा कालचीच ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा. वरच्या ओळीत तीच प-नि उडी आता खालून वर येते आणि पहिल्या दिवशी हमखास चुकते.